रंगीत तालमीच्या अंधारात दोन कॅमेरे

नाटकाची छायाचित्रे काढणाऱ्याला कॅमेऱ्याकडून सर्वांत आधी हवी असते ती शांतता, आणि चित्राच्या दर्जाचा विचार त्यानंतर येतो. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह अशा ठिकाणी गेली अकरा वर्षे मी नोकरी सांभाळून तालमी आणि प्रयोग टिपत आले आहे. त्यांतली पहिली नऊ वर्षे माझ्या हातात आरशाचा डीएसएलआर होता. दर चित्रामागे त्याचा आरसा वर उचलला जाऊन पुन्हा खाली आपटायचा, आणि तो आवाज गाण्यात, भांडणात किंवा हशा-टाळ्यांत विरून जात असला तरी शांत प्रसंगात पाचव्या रांगेपर्यंत पोहोचायचा. एका कौटुंबिक नाटकाच्या प्रयोगानंतर त्यातली तरुण अभिनेत्री मला विंगेत भेटली आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, "ताई, पत्र वाचल्यावर मी थांबते ना, तिथे आज मला तुमचा कॅमेरा ऐकू येत होता." तिने तो विराम महिनाभराच्या तालमींतून घडवला होता. त्या दिवसापासून मी प्रयोगाला कॅमेरा नेणे बंद केले, फक्त तालमींना नेऊ लागले, आणि मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली.

पुरेसे पैसे जमल्यावर माझ्यासमोर दोन नावे उरली. एक म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला कॅननचा ईओएस आर६ मार्क टू आणि दुसरा जून २०२४ मध्ये आलेला निकॉनचा झेड६ थ्री. दोन्ही फुल-फ्रेम आहेत, म्हणजे प्रकाश टिपणारा त्यांचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा आहे, एकाचे २४.२ आणि दुसऱ्याचे २४.५ मेगापिक्सेल, म्हणजे या बाबतीत निवडण्यासारखे काही नाही. दोन्हींच्या बॉडीची, म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्याची, भारतातली किंमत बाजारात येताना अडीच लाखांच्या आत-बाहेर होती. याहून जास्त मेगापिक्सेलचे पण संथ वाचणारे कॅमेरे मी सुरुवातीलाच बाजूला ठेवले होते. त्याचे कारण थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण माझी सगळी निवड त्या एका मुद्द्यावर होईल, असे मी जवळजवळ दोन महिने धरून चालले होते.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसला तरी यांत्रिक शटरचा पडदा असतो आणि त्याचाही आवाज होतो. पूर्ण शांतता हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे लागते. त्यात काहीही हलत नाही, सेन्सर आपल्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचत जातो. पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची ओळ वाचून होईपर्यंत जो वेळ जातो, तो या दोन कॅमेऱ्यांत निराळा आहे. चाचण्यांमध्ये मोजलेले आकडे पाहिले तर आर६ मार्क टू साधारण १४.७ मिलिसेकंद घेतो आणि झेड६ थ्री साधारण ९.५. निकॉनने यात अंशतः स्टॅक्ड रचनेचा सेन्सर वापरला आहे. प्रतिमेच्या क्षेत्राच्या वर आणि खाली वेगवान इलेक्ट्रॉनिक्सचे थर दिल्यामुळे ओळी लवकर बाहेर पडतात. तुलनेसाठी सांगायचे तर यांत्रिक पडदा सेन्सरवरून साधारण चार मिलिसेकंदांत सरकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलेल्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, म्हणजे सर्व ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात, परंतु तो माझ्या ऐपतीच्या फार पलीकडचा आहे. निकॉनचाच झेड८ पूर्ण स्टॅक्ड सेन्सरचा आहे. त्याचे वजन ९१० ग्रॅम आणि बाजारात येतानाची किंमत साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणून तोही यादीतून गेला.

आता हा वेळ नाटकाच्या छायाचित्रकाराला का महत्त्वाचा वाटावा? त्याचे कारण दिवे आहेत. जुने हॅलोजनचे स्पॉट आणि 'पार' नावाचे दिवे तापलेल्या तारेने प्रकाश देतात, आणि विजेची लाट खाली गेली तरी तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून तो प्रकाश कॅमेऱ्याला बराचसा स्थिर दिसतो. एलईडीचे तसे नाही. बहुतेक एलईडी दिवे मंद करताना प्रत्यक्षात मंद होत नाहीत, ते सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद होतात आणि 'चालू' असण्याचा वाटा कमी केला जातो. डोळ्याला तो मंद उजेड वाटतो. ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला मात्र काही ओळींवर जास्त आणि काहींवर कमी प्रकाश पडलेला दिसतो, आणि चित्रात आडवे पट्टे उमटतात. अलीकडे व्यावसायिक असो वा प्रायोगिक, बहुतेक नाटकांत निळा-जांभळा रंग एलईडीनेच भरला जातो. त्यामुळे शांततेसाठी इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे तर पट्टे, आणि पट्टे टाळायला यांत्रिक शटर वापरावे तर पुन्हा तो आवाज, अशी अडचण उभी राहते.

मी समजत होते की जो कॅमेरा लवकर वाचतो त्यात पट्टे कमी, म्हणून झेड६ थ्री घ्यायचा. घरी तसे सांगूनही टाकले होते. तरीही एवढी रक्कम केवळ कागदावरच्या आकड्यांवर खर्च करणे मनाला पटेना. सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात मी दोन शनिवार घालवले. तिथल्या एका दुकानात दोन्ही बॉडी हाताळायला मिळाल्या, परंतु पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरची छायाचित्रे काढून मला काय कळणार होते? "ताई, हा सेकंदाला चाळीस फ्रेम मारतो, दुसरा वीसच," असे विक्रेता पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आकडा खरा आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर आर६ मार्क टू ४० आणि झेड६ थ्री रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ, फाइलमध्ये २० फ्रेम देतो. मात्र नाटकात मी एका वेळी एकच चित्र काढते, त्यामुळे या आकड्याचा मला काहीही उपयोग नव्हता. शेवटी दोन्ही बॉडी आणि दोन्हींच्या ७०-२०० एफ/२.८ या दूरचे जवळ आणणाऱ्या झूम लेन्स मी तीन दिवसांसाठी भाड्याने घेतल्या आणि ओळखीच्या एका संस्थेच्या दोन रंगीत तालमींना परवानगी काढून गेले.

तुलना करताना एक काळजी घ्यावी लागली. पहिला अंक एका कॅमेऱ्यावर आणि दुसरा दुसऱ्यावर असे केले असते, तर मी कॅमेऱ्यांची नव्हे तर प्रकाशयोजनेची तुलना केली असती. म्हणून पहिल्या तालमीत प्रत्येक प्रवेशाचा पूर्वार्ध कॅननवर आणि उत्तरार्ध निकॉनवर टिपला, दुसऱ्या तालमीत क्रम उलटा केला, खुर्ची मात्र दोन्ही दिवस तीच ठेवली, पाचव्या रांगेतली डावीकडची. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे उघडे तोंड, एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० हे दोन्हींवर कायम.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आजी झोपाळ्यावर एकटी बसलेली असते. अंगावर फिकट नऊवारी, मागून निळा एलईडी अगदी खाली आणलेला, आणि समोरून एकच मंद हॅलोजन. त्या प्रवेशाची दोन चित्रे रात्री घरी येऊन शेजारी शेजारी लावली, तेव्हा दोन्हींत पट्टे होते. चेहऱ्यावर हॅलोजन पडत असल्याने तो स्वच्छ होता, परंतु खांद्यावरून उतरणाऱ्या पदरावर आणि मागच्या भिंतीवर फिकट-गडद निळे आडवे थर स्पष्ट दिसत होते. मी ते मोजले. कॅननच्या चित्रात चौदा आणि निकॉनच्या चित्रात नऊ. संख्या कमी झाली होती हे खरे, पण उरलेले नऊ पट्टे तितकेच गडद होते आणि प्रत्येकाची रुंदी वाढली होती. मी इतके दिवस ज्या आकड्याच्या भरवशावर होते, त्याने माझे चित्र वाचवले नव्हते.

मग कागद घेऊन बसले. १४.७ मिलिसेकंदांत चौदा पट्टे आणि ९.५ मिलिसेकंदांत नऊ, म्हणजे तो दिवा सेकंदाला सुमारे ९५० वेळा लुकलुकत होता, आणि दोन्ही मोजण्या एकाच उत्तराला येऊन मिळत होत्या. १/१२५ सेकंद म्हणजे ८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दिव्याची ७.६ आवर्तने होतात, म्हणून काही ओळींच्या वाट्याला सात झोत येतात आणि काहींच्या वाट्याला आठ. सात आणि आठ यांच्यातला फरक सुमारे चौदा टक्क्यांचा आहे, आणि पट्ट्याचा गडदपणा तो हाच. सेन्सर किती लवकर वाचतो यावर पट्ट्यांची संख्या ठरते, गडदपणा ठरत नाही. तो ठरतो शटर किती वेळ उघडे राहते यावर, आणि त्या वेळात आवर्तने पूर्ण बसतात की अपुरी राहतात यावर. आठ आवर्तने पूर्ण बसवायची तर शटर १/११८.८ च्या आसपास हवे.

असा अपूर्णांकातला शटरवेग नेहमीच्या पायऱ्यांवर मिळत नाही. परंतु या दोन्ही कॅमेऱ्यांत उच्च वारंवारतेच्या लुकलुकीसाठी वेगळी सोय दिलेली आहे, आणि ती सुरू केली की शटरचा वेग अतिशय बारीक पायऱ्यांनी बदलता येतो. दुसऱ्या तालमीच्या दिवशी मी लवकर पोहोचले आणि प्रकाशयोजना करणाऱ्या दादांना विनंती करून तो निळा दिवा प्रवेशात असतो तेवढाच लावून घेतला. व्ह्यूफाइंडरमधून मागच्या भिंतीकडे पाहत वेग एकेक पायरीने खाली आणत गेले, आणि १/११९ च्या किंचित खाली आल्याबरोबर पट्टे आधी फिके झाले आणि मग भिंत सपाट निळी झाली. मग दुसरा कॅमेरा घेतला. तोही त्याच वेगावर स्वच्छ झाला, आणि तसे होणारच होते, कारण तो आकडा कॅमेऱ्याचा नव्हता, दिव्याचा होता. दादा माझ्या शेजारी येऊन पाहत होते. त्यांनी विचारले, "म्हणजे दिवा बदलला की आकडा बदलणार?" बदलणारच. रंगमंचावर दोन निरनिराळ्या बनावटीचे एलईडी एकत्र असतील तर दोघांना जुळणारा वेग सापडणे अवघड होते, आणि तेव्हा १/६० पर्यंत खाली येऊन पट्टे सौम्य करणे एवढेच हाती उरते. अर्थात १/६० वर बोलणाऱ्या नटाचा हात हलतोच.

पट्ट्यांचा प्रश्न असा दोन्हींकडे सारखाच सुटला. लवकर वाचण्याचा दुसरा फायदा वेगाने आडव्या जाणाऱ्या वस्तूंबाबत असतो, कारण ओळी वाचल्या जात असताना वस्तू पुढे सरकते आणि चित्रात तिरकी दिसते. याच नाटकात एक लावणी आहे. नर्तिकेचा हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरतो असे धरले आणि ती चौकट भरून उभी असली, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो कॅननवर साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास आणि निकॉनवर तीन सेंटिमीटरांच्या आसपास सरकेल. परंतु १/१२५ च्या शटरमध्ये तोच हात अडीच सेंटिमीटर पुसट होतो. हा फरक मी चित्रांत शोधला आणि तो मला एक-दोन ठिकाणीच सापडला. मी मुख्यतः नृत्याचे कार्यक्रम टिपत असते आणि त्यासाठी १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर वापरत असते, तर हाच फरक निर्णायक ठरला असता आणि मी निःशंकपणे झेड६ थ्रीकडे वळले असते.

अंधारात फोकस होण्याविषयीचे आकडेही असेच तपासून पाहावे लागतात. निकॉन −१० ईव्हीपर्यंत आणि कॅनन −६.५ ईव्हीपर्यंत फोकस होईल असे सांगतात, आणि ऐकताना हे अंतर फार मोठे वाटते. ईव्ही हे उजेडाचे माप आहे, त्याची एक पायरी म्हणजे एक स्टॉप, आणि दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो. पण दोन्ही दावे एफ/१.२ च्या लेन्सवरचे आहेत, एफ/२.८ वर त्यातले अडीच स्टॉप गेलेच. शिवाय एफ/२.८, १/१२५, आयएसओ ६४०० ही माझी नेहमीची मांडणी म्हणजे साधारण ४ ईव्हीचा उजेड झाला. कॅननची मर्यादा लेन्समुळे −४ पर्यंत वर आली तरी रंगमंचावरचा उजेड त्याहून आठ स्टॉप, म्हणजे अडीचशे पट जास्त आहे. झोपाळ्यावरच्या आजीच्या डोळ्यांवर दोन्ही कॅमेरे सहज स्थिरावले. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला असताना दोन्ही काही वेळा चुकले, आणि तिथे मी फोकसचा बिंदू हातानेच नेला.

आणखी दोन गोष्टींवर बराच वाद वाचायला मिळतो. झेड६ थ्रीच्या सेन्सरमध्ये वेगाच्या बदल्यात आयएसओ १०० वर सावल्यांमध्ये थोडा जास्त नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो, आणि आर६ मार्क टू इलेक्ट्रॉनिक शटरवर १४ ऐवजी १२ बिटची, म्हणजे कमी छटा साठवणारी, रॉ फाइल देतो. भर उन्हातल्या निसर्गदृश्यात सावल्या उजळणाऱ्यांनी दोन्हींचा विचार जरूर करावा. आयएसओ ३२०० च्या पुढे मात्र प्रकाशाचाच नॉइज इतका असतो की हे दोन्ही दोष त्यात बुडून जातात, आणि मी त्याच्या खाली कधी येतच नाही.

निकॉन ज्या बाबतीत सरळ सरस वाटला ती बाब म्हणजे व्ह्यूफाइंडर. ५७.६ लाख डॉटचा तो पडदा ३६.९ लाख डॉटच्या कॅननपेक्षा डोळ्याला फार सुखावह आहे, आणि अडीच तास डोळा लावून बसणाऱ्याला ही सुखसोय लहान नाही. मागचा स्क्रीन दोन्हींचा पूर्ण वळतो, म्हणून तो आत उलटा मिटून ठेवता येतो आणि मागच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत उजेड जात नाही. फोकसला मदत करणारा पुढचा दिवा आणि बीप दोन्हींत बंद करता येतात. प्रयोगाला कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाने तिसऱ्या घंटेच्या आधी या तीन गोष्टी तपासाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अशा रीतीने माझ्या अंधारात दोन्ही कॅमेरे जवळजवळ बरोबरीला येऊन उभे राहिले, आणि प्रश्न लेन्सचा उरला. माझ्याकडे कॅननची जुनी ईएफ माउंटची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडाची, ७०-२०० एफ/२.८ होती, मुंबईच्या दमट हवेत सिलिका जेलच्या डब्यात जपलेली, काचेवर बुरशीचा एक ठिपकाही नसलेली. ११० ग्रॅमच्या अडॅप्टरने ती आर६ मार्क टूवर पूर्ण क्षमतेने चालते. निकॉन घेतला तर झेड माउंटची ७०-२०० आणखी दोन लाखांच्या आसपास पडणार होती. वजनाचा हिशेब मात्र कॅननच्या बाजूचा नव्हता. ६७० ग्रॅमची बॉडी, अडॅप्टर आणि १४९० ग्रॅमची जुनी लेन्स मिळून २२७० ग्रॅम होतात, तर ७६० ग्रॅमचा झेड६ थ्री आणि त्याची १३६० ग्रॅमची लेन्स मिळून २१२०. पुढेमागे आर६ मार्क टूच्या स्वतःच्या आरएफ माउंटची १०७० ग्रॅमची ७०-२०० घेता आली तर हे ओझे १७४० ग्रॅमवर येईल, आणि रात्रीच्या शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने मुलुंडला परतताना खांद्याला तो अर्धा किलो नक्की जाणवेल. ती खरेदी आज करणे भाग नाही, हेच मला महत्त्वाचे वाटले.

मी आर६ मार्क टू घेतला. बिलाशिवाय घेतल्यास काही हजार कमी करण्याची तयारी एका ठिकाणी दाखवली गेली होती, परंतु भारतातली वॉरंटी नसलेला माल घेण्याची माझी इच्छा नव्हती. ज्यांच्याकडे कोणत्याच जुन्या लेन्स नाहीत आणि जे नव्याने सुरुवात करत आहेत, त्यांनी माझे अनुकरण करू नये. त्यांना झेड६ थ्रीचा व्ह्यूफाइंडर आणि वाचण्याचा वेग फुकटात मिळाल्यासारखा आहे, आणि व्हिडिओ करणाऱ्यांना तर त्यातले ६के रॉ चित्रीकरण कॅमेऱ्यातल्या कार्डावरच साठवता येते. फक्त त्यातला एक कप्पा सीएफएक्सप्रेस कार्डाचा आहे हे लक्षात ठेवावे, कारण ती कार्डे एसडीपेक्षा बरीच महाग असतात.

घेतल्यापासून पाच प्रयोग टिपले आहेत, तालमी नव्हे, प्रयोग. जुन्या लेन्समधल्या स्थिरीकरणाची बारीक घरघर माझ्या कानाजवळ येते, पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या बहिणीला ती ऐकू आली नाही. बॅगेत एक छोटी वही ठेवली आहे. तिच्यात आधी मी नाट्यगृहांची नावे लिहून त्यापुढे शटरचा वेग लिहीत होते, पण दुसऱ्याच प्रयोगाला तो चुकला, कारण बरेचसे एलईडी नाट्यगृहाचे नसतात, ते नाटकाबरोबर टेम्पोतून येतात. आता वहीत नाटकांची नावे आहेत, आणि झोपाळ्याच्या नाटकापुढे लिहिले आहे, दुसरा अंक, निळा, ११८.८.